भिवा तांडेलांचं जेवण

“डॉक्टरानु, माज्या बापाशीच्या जेवणात भावजय कायतां घालता. नायतर माणूस असो कसो सुकात?”

येसू हे माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली. ती मिठबावला दिलेली. बापाच्या दुखण्याचं ऐकून माहेरी, आचऱ्याला आली आणि त्यांना धरून माझ्या दवाखान्यात घेऊन आली. साठ सालच्या आसपासची गोष्ट. आचऱ्यात तेव्हा मी एकटाच डॉक्टर होतो.

बाप म्हणजे भिवा तांडेल. तांडेल म्हणजे गलबताचा प्रमुख. उभा जन्म समुद्रावर गेलेला हा धिप्पाड माणूस आता स्टुलावर बसला होता आणि सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता.

“गप रव गो,” ते म्हणाले. “सुनेन माका कधी उपाशी ठेवूक नाय.”

“भिवाकाका, दुखता कधी?”

“जेवल्यार. आतडी कोणीतरी पिळता असा वाटता. मग हळूहळू थांबता. भूक लागता, डॉक्टरानु, पण जेवूक भय वाटता.”

मी पोट तपासलं. मऊ होतं. गाठ नाही, ताप नाही. अल्सर, म्हणजे जठरातली जखम, असावी असं धरून मी अल्कली मिक्श्चर दिलं, पेटके थांबायला बेलाडोना दिलं. काही फरक पडला नाही. मग जिल्ह्याच्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथं बेरियम मील झालं. पांढरा घोळ पाजून एक्स-रे काढतात, जठर आणि आतडं त्यात दिसतं. रिपोर्ट नॉर्मल आला.

माझ्या लेखी ती चांगली बातमी होती. तांडेलांच्या घरात मात्र तिचा अर्थ वेगळा लागला. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात काही सापडत नाही, तर येसू म्हणते तेच खरं, असं वाडीत बोललं जाऊ लागलं.

सून सुमती एकदा एकटीच दवाखान्यात आली. नवरा मुंबईला गिरणीत, सासू नाही. घरात ती आणि सासरे दोघंच. ती बसली नाही.

“डॉक्टरानु, मी रांधलेला मामांजींका बाधता काय? तसा आसात तर सांगा. मी चुलीकडे जावचंय नाय.”

 मी म्हटलं, “उद्या दुपारी त्येंका माझ्याकडे जेवूक पाठव. येसूक पण.”

दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोनं भात आणि मुगाची आमटी वाढली. तांडेल बऱ्याच दिवसांचे उपाशी होते. पोटभर जेवले, हात धुऊन ओटीवर टेकले. अर्ध्या तासाच्या आत पोट धरून ते कुशीवर वळले. कपाळाला घाम सुटला. तोंडातून आवाज काढला नाही, पण चटईच्या काड्या त्यांच्या मुठीत मोडल्या. येसू भिंतीला टेकून बघत राहिली.

कळ ओसरली तेव्हा ते तिला म्हणाले, “आता डॉक्टरीणबाईक पण बोल लावशीत?”

येसू पदर तोंडात कोंबून रडली.

मी त्यांच्या पोटावर स्टेथोस्कोप ठेवला होता. बेंबीच्या वर, नाडीच्या ठोक्याबरोबर, फुंकर घातल्यासारखा आवाज येत होता. अरुंद झालेल्या नळीतून रक्त जाताना असा आवाज होतो. मग मी विचारलं, तर चालताना पोटऱ्यांत गोळे येतात, हेही ते म्हणाले. विडी तर त्यांची जन्माची; तीही अशा नळ्या अरुंद करते.

मी त्यांना घेऊन पुन्हा जिल्ह्याला गेलो. तिथल्या सर्जननी पोटाला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं.

“आतड्याची रक्तवाहिनी आखडलेली दिसते,” ते म्हणाले. “जेवल्यावर आतड्याला जास्त रक्त लागतं. ते पोचत नाही, म्हणून कळा.”

“ऑपरेशन?”

“परदेशात आता कुठं सुरू झालंय. इथं कोण करणार? थोडं थोडं खाऊ घाला.”

सुमतीनं तेच केलं. वाटीभर पेज, मग उकडलेलं केळं, मग पुन्हा पेज. कळा कमी झाल्या. तांडेल थोडे बोलू लागले, ओटीवर येऊन बसू लागले. येसूही येऊन-जाऊन राहू लागली. दोघी एकमेकींशी फारसं बोलत नसत, पण चूल एकच होती.

दिवाळीनंतर एका सकाळी कळ आली ती थांबलीच नाही. मी पोचलो तेव्हा सुमती त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, शेजारी पेजेची वाटी अर्धी. पोट फुगून लाकडासारखं कडक झालं होतं. रक्त पूर्ण थांबून आतडं मेलं होतं. मी मॉर्फिनचं इंजेक्शन दिलं. बाकी माझ्याजवळ काही नव्हतं. दुपारी ते गेले.

बायका जमल्या. त्यातल्या एकीनं सुमतीला विचारलंच, “शेवटचा काय घातलंस गो तेंका?”

 आतून येसू बाहेर आली.

“पेज. माज्या हातची. मीच भरवलंय.”

येसू आदल्या दिवशीच मिठबावला गेली होती आणि सांगावा मिळाल्यावर माझ्यानंतर पोचली होती. मला ते माहीत होतं. मी बॅग बंद केली.

तेव्हापासून नॉर्मल रिपोर्ट हातात ठेवताना मी घरच्यांना एक वाक्य जास्त सांगतो. “दुखण्याचं कारण आम्हा डॉक्टरांना सापडलेलं नाही; तुम्ही ते घरात शोधू नका.”