मशीनकाकूंची स्वतंत्र बाण्याची वेबसाइट

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या काकूंना सगळे मशीनकाकूच म्हणत. तीस वर्षांत त्यांनी स्वतःची कुठलीही वस्तू दुसऱ्याच्या हाती दिली नव्हती. घरातला नळ गळायचा. पण तो काकूंनी जातीने दुरुस्त केलेला असल्यामुळे त्याविषयी कुणी अवाक्षर काढत नसे.

कंपन्यांनी कधीच बंद केलेल्या जुन्या मशीनींचं पोट उघडून काकूंनी त्यांची चित्रं काढली होती. कुठला स्क्रू आधी काढायचा, कुठल्याला हातही लावायचा नाही, सगळं बाजूला बारीक अक्षरात. लेकीने ती स्कॅन करून वेबसाइट बांधली आणि ती ठेवायच्या जागेचा विषय काढला.

जागा दोन तऱ्हेच्या होत्या. पहिली शेअर्ड होस्टिंग: एकाच सर्व्हरवर शेकडो वेबसाइटी दाटीवाटीने राहणार आणि आपापलं अपडेट, आपापला बॅकअप म्हणजे जपून ठेवायची प्रत, ज्याचं त्याने बघायचं. दुसरी मॅनेज्ड: जरा महाग, पण ही सगळी उठाठेव कंपनीची माणसं करणार. लेक दुसरीकडे झुकली होती.

"माझ्या वस्तूवर लक्ष ठेवायला परका माणूस?" काकू म्हणाल्या. "मला काय दिसत नाही?"

विषय मिटला; पहिली जागा घेतली. काकू रोज सकाळी वेबसाइट उघडून ती जागेवर आहे ना ते बघत आणि याला देखभाल म्हणत. कोपऱ्यात लाल गोलात एक आकडा असायचा. तीनचा सात झाला, सातचा सत्तावीस. तो न केलेल्या अपडेटांचा होता. काकूंना वाटलं, वेबसाइट आवडलेल्या लोकांचा. त्या खूश होत्या.

पण वेबसाइट लोकांना खरंच आवडली होती. गावोगावचे शिंपी चित्रांखाली प्रश्न विचारत, काकू उत्तरं देत, कधी एखादा शिंपी काकूंनाही ठाऊक नसलेलं काही सांगून जाई. दोन वर्षं हे चाललं. त्याच सर्व्हरवर कुणीतरी परीक्षांचे निकाल लावायचं. त्या दिवशी सर्व्हरवर गर्दी होऊन काकूंची चित्रं वरून खाली बोटबोटभर सरकत उघडत. काकू शेजारधर्म म्हणून सोसत.

मग एका दुपारी एका शिंपिणीचा फोन आला. बॉबिनच्या पानावर केस उगवण्याच्या गोळ्यांची जाहिरात दिसतेय, म्हणाली. तक्रार नव्हती तिची. गुण येतो का, एवढंच विचारायचं होतं.

न केलेल्या अपडेटांच्या फटीतून कुणीतरी वेबसाइटमध्ये शिरलं होतं; प्रत्येक पानावर गोळ्याच गोळ्या. शिंप्यांचं सगळं बोलणं पुसलं गेलं होतं. होस्टिंगवाल्यांनी अत्यंत नम्रपणे कळवलं की जागा आमची, सामान तुमचं, आणि बॅकअप आपण घेतला असेलच.

चित्रांचे कागद कपाटात सुखरूप होते. बोलणं मात्र गेलं होतं.

लेक आली तेव्हा काकू गिऱ्हाइकाला झापत होत्या: वर्षभर मशीन दाखवली नाही, वर घरीच उघडली, आता माझ्याकडे कशाला? गिऱ्हाईक गेल्यावर लेक शांतपणे म्हणाली, "आई, हेच मी तुला दोन वर्षांपूर्वी सांगत होते."

काकूंनी हातातली बॉबिन खाली ठेवली. मग म्हणाल्या, "घे ती दुसरी जागा. पण तिथल्या माणसाशी मी बोलणार."

त्या माणसाचे ग्रह फिरले. दर सोमवारी काकूंचा फोन: अपडेट कधी केलं, बॅकअप कुठे ठेवला, आणि त्यातून वेबसाइट परत उभी करून दाखवा. पहिल्यांदा त्याला ते जमलं नाही. दुसऱ्यांदा जमलं. इतक्या वर्षांत कुणी दाखवा म्हणालंच नव्हतं, असं त्याने कबूल केलं.

वेबसाइटवर काकूंनी दोनच ओळी लिहिल्या: तुमचं बोलणं माझ्या हलगर्जीने गेलं. कुणाकडे काही असेल तर पाठवा.

आठवड्याभरात शिंप्यांनी वेबसाइटवरून छापून ठेवलेली पानं येऊ लागली. कुणी दुकानात भिंतीला चिकटवलेलं, कुणी तेलाने माखलेलं. एका म्हाताऱ्या शिंप्याने पाठवलेल्या पानावर काकूंच्या चित्रातल्या स्प्रिंगभोवती पेनाने गोल काढला होता: बाई, ही उलटी दाखवली आहे. तेव्हाही लिहिलं होतं, तुम्ही मानलं नाही.

काकूंनी त्या चित्रातली जुनी मशीन फळीवरून खाली घेतली, उघडली आणि चष्मा पुसून दोनदा बघितलं. चित्रात स्प्रिंग उलटीच होती. त्यांनी कपाटातून मूळ कागद काढला आणि खोडरबर शोधायला लागल्या.