सुदाम गायकवाडचा हेवा

सुदाम गायकवाड दुसऱ्याचं काम बघायला यायचा तेव्हा आधी हात धुवायचा. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतली आमची टूलरूम. तिथे सकाळपासून सगळ्यांचे हात ऑइलने काळे, त्याचेही. पण दुसऱ्या कुणाचा साचा पुरा झाला असं कळलं की हा बेसिनवर जाऊन साबणाने हात धुणार, नीट पुसणार आणि मग येऊन त्या पोलादावरून हलकेच बोट फिरवणार. पुढे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "शेठ, इकडं या! परबानं काय फिनिश दिलंय बघा. मला नसतं जमलं!"

त्याला जमलं असतं. माझ्यापेक्षा चांगलं जमलं असतं, आणि हे त्याला, मला, शेठला, खालच्या चहावाल्यालासुद्धा ठाऊक होतं. म्हणूनच ती स्तुती माझ्या घशाखाली उतरत नसे.

आम्ही एकाच आठवड्यात कामाला लागलो. मी कुडाळकडचा, आयटीआयला पहिला वर्ग. तो साताऱ्याकडचा, लहानपणी घाटकोपरच्या टेकडीवर राहायला आलेला. जे काही शिकला ते बाकाशी उभा राहून. प्लास्टिकच्या डब्यांचे आणि झाकणांचे साचे बनवणं हे आमचं काम. कुठे अडलं की जो तो म्हणायचा, "गायकवाडला दाखव." हे वाक्य मी दिवसातून दहादा ऐकायचो आणि दहादा माझा तीळपापड व्हायचा. खरं सांगायचं तर त्या जळफळाटात आणखीही एक जुनं विष होतं. त्याच्या बाकावर बुद्धाची छोटी तसबीर होती, आणि त्या बाकापुढे आपण ड्रॉइंग घेऊन उभं राहायचं, हे मला फार लागायचं. तेव्हा मी ते स्वतःपाशीही कबूल केलं नव्हतं.

बोरिवलीला घरी येऊन मी त्याच्या नावाने बोटं मोडायचो. बायको भाजी निवडता निवडता म्हणायची, "तुमका त्येचो इतको राग कित्याक? वायट वागलो काय तो?"

वाईट वागला असता तर प्रश्नच मिटला असता. नवीन मशीन आलं आणि ट्रेनिंगला एकालाच पाठवायचं ठरलं, तेव्हा मी काय काय डाव मनात रचले होते! शेठने गायकवाडला बोलावलं, तर हा म्हणाला, "परबाला पाठवा. मॅन्युअल इंग्रजीत आहे, त्याला पटकन कळंल." मी गेलो. पण जी गोष्ट हिसकावून घ्यायची ती कुणी आपणहून हातात ठेवली की तिची चवच जाते. त्या ट्रेनिंगचे आठही दिवस मी चिडलेला होतो.

एकदा स्टोअरच्या म्हात्रेने स्वतःच्या हातून तुटलेला कटर गायकवाडच्या नावावर टाकला. शेठची बोलणी याने खाल्ली. पुढच्याच महिन्यात म्हात्रेच्या मुलीचं लग्न होतं, तर हा सकाळपासून मांडवात, पंगतीत जिलेबी वाढतोय. मला राहवलं नाही. म्हटलं, "तुला राग म्हणून काही येतो की नाही रे?"

"येतो ना. लय येतो." जिलेबीचं ताट त्याने दुसऱ्या हातात घेतलं. "पण मनात खडा ठेवून कानस चालवून बघ तू. वाकडी जाते. मला सोमवारी काम आहे, यार."

आता जे सांगायचं ते मी फार वर्षं कुणालाही सांगितलं नाही. आमचा म्हातारा फोरमन निवृत्त होणार होता आणि त्याच्या जागी दोघांचीच नावं होती, गायकवाड आणि मी. त्याच सुमारास एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या डब्याच्या झाकणाचं काम आलं. झाकणावर गिऱ्हाइकाचं नाव उमटायचं होतं. अशा साच्यात अक्षरं उलटी कोरतात, म्हणजे झाकणावर ती सुलटी येतात. गिऱ्हाइकाने शहाणपणा करून ड्रॉइंगच आधी उलटं करून पाठवलं होतं. गायकवाडने सवयीने ते पुन्हा उलटं केलं. म्हणजे पोलादात अक्षरं सुलटी कोरली गेली. चाळीस वर्षांत त्याची ही एवढी एकच चूक मी पाहिली.

आमच्याकडे पद्धत अशी, की साचा भट्टीत कडक करायला पाठवण्याआधी दुसऱ्या कारागिराने तो तपासायचा आणि मागच्या बाजूला आपल्या नंबरचा शिक्का ठोकायचा. एकदा पोलाद कडक झालं की मग कोरीव काम दुरुस्त होत नाही. माझा नंबर सात. मी नेहमीप्रमाणे साच्यासमोर छोटा आरसा धरला. आरशात अक्षरं सुलटी दिसायला हवीत. ती उलटी दिसली. मी आरसा पुसला, पुन्हा धरला. बराच वेळ बघत राहिलो. मग आरसा खाली ठेवला, हातोडी घेतली आणि सात ठोकला.

पहिलं झाकण निघालं ते शेठने गिऱ्हाइकासमोरच हातात घेतलं. पुढचा तमाशा काय सांगू! गिऱ्हाईक गेलं, साचा भंगारात गेला. शेठने साचा उलटा करून माझा शिक्का पाहिला आणि ओरडला, "सात? परब, डोळे कुठे होते तुझे?"

गायकवाड मध्ये आला. "शेठ, त्याला मी बघूच दिलं नाय. भट्टीची गाडी खाली उभी होती, घाईत नुसता नंबर ठोकून घेतला. कोरलं मी, चूक माझी."

महिन्याभराने फोरमन मी झालो. पहिला पेढा त्यानेच आणला होता. पुढली वीस वर्षं तो माझ्या हाताखाली राहिला आणि एकदाही मला तसं वाटू दिलं नाही. लोक अडले की तरीही त्याच्याचकडे जायचे.

दोघंही निवृत्त झालो. गेल्या वर्षी कळलं की तो आजारी आहे, मुलुंडला मुलाकडे असतो. एका दुपारी गेलो. वहिनी चहा करायला आत गेल्या तेव्हा मी धीर करून म्हणालो, "गायकवाड, त्या झाकणाची अक्षरं. मला दिसलं होतं रे."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"आरसा धरून किती वेळ उभा होतास तू. मी समोरच होतो. तेव्हा मला वाटलं, काम आवडलंय तुला." तो हसला, मग त्याला खोकला आला. "झाकण निघालं तेव्हा कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलून काय, तुझी नोकरी घालवायची? पोरं शाळेत होती तुझी. आणि परब, शेजारच्या बाकावर बसायचं होतं ना आयुष्यभर. एवढं ओझं मी कशाला उचलू? सोड."

मी ओझं उतरवायला गेलो होतो, आणि त्याने ते कधी उचललंच नव्हतं. माफ केलं असंही तो म्हणाला नाही, कारण माफ करायला आधी मनात काहीतरी धरून ठेवावं लागतं. जिना उतरताना माझे डोळे भरून आले होते, आणि देवाशपथ सांगतो, तेव्हाही मी मनातून जळत होतो. असं मन याला मिळालं, मला का नाही?

दोन महिन्यांनी तो गेला. पुण्यानुमोदनाला हॉल भरला होता. वहिनींनी मला पुढे बसवलं आणि शेजारच्या बाईंना सांगितलं, "हे परबभाऊ. आमचे हे म्हणायचे, कामावरून एकदा परबाची नजर फिरली की मी निर्धास्त."

मला दोन शब्द बोलायला सांगितलं. त्याच्या हातातल्या कलेबद्दल बोलायचं ठरवून गेलो होतो. माईकसमोर उभा राहिलो आणि ते सोडून दुसरंच बोललो. आरसा, सातचा शिक्का, फोरमनची जागा, सगळं सांगितलं. खाली येऊन बसलो.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. "माझ्याजवळसुद्धा बोलले नाहीत," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा बदलला. "ती जागा त्यांची होती."

"हो, वहिनी."

"वीस वर्षं. आणि तुम्ही माझ्या घरी येऊन चहा पीत होता." त्यांनी खुर्ची बाजूला ओढली आणि मान फिरवली.

मला एकदम हलकं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी खरं कळून माझ्यावर रागावलं होतं.