वन्संच्या दाढांमधली फट

माझ्या मोठ्या नणंदबाई कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस आहेत. शिवून झालेले शर्ट त्यांच्या टेबलावर येतात. वर पांढराशुभ्र दिवा असतो आणि त्या शिवणीवरून बोट फिरवत जातात. बोट अडलं की तिथे लाल चिकटपट्टी. मशीनवरच्या मुली त्यांना पाठीमागे ‘भिंग’ म्हणतात. वन्संना ते ठाऊक आहे. म्हणतात, “भिंग तर भिंग. आंधळी तर म्हणत नाहीत!”

घरी आल्यावरही त्यांच्या डोळ्यांना सुट्टी नसते. दूधवाला हसला तर “आज का हसला?” न हसला तर “काहीतरी मिसळलंय, म्हणून तोंड लपवतोय.” लग्न त्यांनी केलं नाही. बघायला आलेल्या मुलाच्या कॉलरची शिवण त्या सगळ्यांदेखत उलटून बघायच्या, असं आमचे हे सांगतात. खरंखोटं देव जाणे.

अशा बाईने पन्नाशीत दात सरळ करून घ्यायचं ठरवलं तेव्हा घरात आम्ही दोघंही चमकलो. त्यांचे वरचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते. हसताना हात आपोआप तोंडावर जायचा.

“ताई, या वयात?” ह्यांनी विचारलं. “कुणी पसंत-बिसंत केलं की काय?”

“तुझं डोकं सरळ करायची सोय असती तर आधी ती केली असती,” वन्सं म्हणाल्या.

मला मात्र भाजी निवडताना त्यांनी हळूच सांगितलं, “दिवसभर लोकांच्या वाकड्या टिपा पकडते गं. आणि आरशात बघावं तर माझीच टीप वाकडी.”

दातांच्या डॉक्टरांनी अलायनर दिले. म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचे साचे, दातांवर टोपीसारखे बसणारे. जेवण आणि दात घासणं सोडून दिवसरात्र घालायचे, आणि थोड्या दिवसांनी पुढचा साचा. वन्संनी नियम पाळला तो एखाद्या व्रतासारखा. पाहुणे समोर बसलेले असोत, चहा आला की आत जाऊन काढायच्या, चहा झाला की चूळ भरून पुन्हा चढवायच्या. दात खरोखर सरळ झाले. पट्टी धरून मारलेल्या टिपेसारखे. एकदा त्या हात न लावता हसल्या तेव्हा मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

पण शेवटचा साचा झाला आणि जेवताना त्यांचा चेहरा बदलला. घास तोंडात नुसता फिरत राही. पुढचे दात एकमेकांना टेकत होते, मागच्या दाढा टेकतच नव्हत्या. वरची दाढ वर, खालची खाली, मध्ये फट. वन्संनी त्यांच्या पद्धतीने खात्री करून घेतली. दाढांमध्ये शिवणाचा दोरा धरला, तोंड घट्ट मिटलं आणि दोरा ओढला. तो अलगद बाहेर आला. दुसरी बाजू, तेच.

“फसवलं,” त्या म्हणाल्या. “पुढून इस्त्री केली आणि मागून उसवून ठेवलं.”

आम्ही डॉक्टरांकडे गेलो. तरुण डॉक्टर, बोलणं शांत. त्यांनी रंगीत कागद चावायला दिला. पुढच्या दातांवर निळे ठिपके उमटले, दाढा कोऱ्याच राहिल्या. ते म्हणाले, “इतके महिने दाढांच्या मध्ये प्लास्टिक होतं ना, त्याच्यामुळे दाढा जराशा दाबल्या जातात. काही जणांना होतं असं. आता हा शेवटचा साचा फक्त झोपताना घालायचा. दिवसा काढून ठेवा, दाढांना मोकळीक मिळाली की त्या हळूहळू टेकतात.”

जिना उतरल्यावर वन्सं थांबल्या. “आधी म्हणे काढू नका. आता म्हणे घालू नका. कुठलं खरं?”

“वन्सं, तेव्हा दात हलवायचे होते. आता...”

“आता परत हलले की पुन्हा पहिल्यापासून! मी काय कालची आहे? गिऱ्हाईक परत यावं म्हणून शिवण कच्ची ठेवणारे शिंपी पाहिलेत मी.”

खरं सांगायचं तर त्यांचा संशय मलाही चिकटला. डॉक्टर इतके शांत का होते? चूक केलेला माणूसच इतका शांत बोलतो, असं मला रात्री उगाच वाटत राही.

महिने गेले आणि फट जशीच्या तशी. वन्सं मऊ भात, केळं, कुस्करलेला बटाटा यांवर आल्या. गालफडं बसली, ब्लाउज खांद्यावरून घसरू लागले. काहीही चावलं की सगळा जोर पुढच्या दातांवर, ते ठणकायचे. कारखान्यात दुपारी त्या टेबलावर डोकं टेकवून बसतात, असं त्यांच्याबरोबरच्या बाईने मला येऊन सांगितलं. दिसायला दात असे, की बघणाऱ्याने हेवा करावा, आणि ताटात लहान मुलाचा भात.

मग त्यांनी दुसरे डॉक्टर गाठले. ते म्हणाले, पुढचे दात थोडे घासून कमी करू, म्हणजे तोंड आणखी मिटेल आणि दाढा टेकतील. वन्संना ते पटलं, कारण या डॉक्टरांनी पहिल्यांना नावं ठेवली. पुढच्या आठवड्यातली वेळही घेतली. ज्या दातांसाठी एवढं सोसलं तेच घासून घ्यायचे! पण वन्संसमोर बोलणार कोण?

दोन दिवसांनी दुपारी मी वन्संची खोली झाडत होते. त्या कामावर. खिडकीत साच्याची डबी होती. पुसायला उचलली तर हलकी लागली. उघडली, तर रिकामी.

मी डबी हातात धरून तशीच उभी राहिले. दिवसा साचा डबीत हवा. डबीत नाही म्हणजे तोंडात. महिनोन्‌महिने आम्ही डॉक्टरांवर संशय घेत बसलो होतो आणि इकडे दाढांच्या मध्ये रात्रंदिवस प्लास्टिक! आधी राग आला. मग वाटलं, आज एकाच दिवशी चुकून नेला असेल तर? मोठ्या माणसावर आळ कसा घ्यायचा? दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं. रिकामीच. तिसऱ्या दिवशीही. मी देवापुढे बसले आणि एवढंच मागितलं, की शब्द नीट येऊ देत.

संध्याकाळी त्या हातपाय धुऊन आल्या तेव्हा मी चहा ठेवला. त्या नेहमीप्रमाणे कप घेऊन आत वळल्या.

“इथेच काढा ना वन्सं. मी काय परकी आहे?”

त्या जागच्या जागी थांबल्या. “काय काढू?”

“तोंडातला साचा.”

“माझ्या खोलीत शोध घेतेस?”

“झाडत होते. डबी रिकामी दिसली.”

“पाळत ठेवलीस माझ्यावर! सून म्हणून आणली आणि हवालदार निघाली!”

“तुमच्याच हाताखाली शिकले,” मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं खरं. त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं.

मी म्हटलं, “एक विचारू? तुमच्या टेबलावर रोज त्याच जागी टीप चुकलेले शर्ट आले तर तुम्ही काय करता?”

“काय करायचं? मशीन थांबवायचं. रोज तोच दोष म्हणजे रोज कुणीतरी तेच करतंय.”

“मग इथे रोज तोच दोष येतोय. रोज तेच कोण करतंय?”

चहावर साय धरली. मग वन्संनी तोंडातून साचा काढला आणि बशीत ठेवला. “काढला आणि पुढचे दात परत चढले तर?” त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. “पुन्हा तोंडावर हात घेऊन हसायचं का मी?”

तेव्हा मला कळलं. डॉक्टरांवरचा संशय वरवरचा होता. खालची होती ती भीती.

“घासलेला दात तर पुन्हा येणारच नाही,” मी म्हणाले. “ते काम शेवटचं ठेवा. आधी पहिल्यांना विचारून तर येऊ.”

पहिल्या डॉक्टरांसमोर वन्सं ताठ बसल्या. “समजा,” त्या म्हणाल्या, “एखाद्या बाईने साचा दिवसाही घातला, तर?”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“किती दिवस घातला त्या बाईने?”

“समजा, अजून घालतेय.”

“मग त्या बाईच्या दाढा टेकायच्या कशा?” डॉक्टर म्हणाले. त्यांनाही हसू आवरत नव्हतं. “त्या बाईला सांगा, सोपं करून देतो. साच्याचा दाढांवरचा भाग कापून टाकू. पुढचे दात रात्री धरलेले राहतील, दाढा मोकळ्या. तेवढ्याने नाही भागलं तर छोटी रबरं लावून दाढा ओढून घेता येतात. घासायची घाई तिने करू नये.”

“कापताना मी बघणार.”

“बघा की.”

वन्सं उठून त्यांच्या खांद्यामागे उभ्या राहिल्या आणि साच्याच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवून, “इथे खरखरतंय,” म्हणून पुन्हा घासायला लावलं. मग म्हणाल्या, “आता तुम्ही आ करा.”

“मी?”

“दुसऱ्याचे दात लावणाऱ्याचे स्वतःचे कसे आहेत ते बघू दे.”

डॉक्टरांनी खरोखर आ केला. वन्संनी दिव्याखाली नीट पाहिलं. “खालचा एक वाकडा आहे,” त्या म्हणाल्या, आणि मला वाटतं त्या वाकड्या दाताने त्यांना जेवढा विश्वास दिला तेवढा कशानेच दिला नसेल. घरी येऊन त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना फोन करून नाही सांगितलं.

पुढे घरात फार चमत्कार झाला नाही. पहिले काही आठवडे वन्सं सकाळी आरशासमोर पुढच्या दातांवरून नख फिरवायच्या आणि मला हाक मारायच्या, “हा हलला का गं?” हलला नव्हता. दोरा ओढून बघायच्या. निघून यायचा. एक दिवस उजवीकडे अडकला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, मी दारातून पाहिलं म्हणून मला माहीत.

परवा रात्री जेवताना मी ह्यांच्यासाठी गाजर चिरून ठेवलं होतं. बोलता बोलता वन्संनी एक तुकडा उचलून तोंडात टाकला. कडकन आवाज आला. ह्यांचा हात घासासकट थांबला. वन्सं उजव्या बाजूने सावकाश चावत राहिल्या, डोळे मिटून, अगदी बारीक होईपर्यंत. दुसरा तुकडा उचलून त्यांनी दिव्याकडे धरला.

“कुठून आणलंस हे?” त्या म्हणाल्या. “आत पिवळं आहे. जुनं गळ्यात मारलंय तुला.”

आणि तो तुकडाही त्यांनी खाल्ला.