ड्यूकचे वाकडे पाय

आता हसायचं नाही म्हणून कबूल करा, मग सांगतो. ऐन लग्नाची बोलणी चालू असताना मी मुलीकडच्यांचा कुत्रा बिघडवून ठेवला होता.

साहेब लोक देश सोडून गेले, त्यानंतरच्या वर्षांतली गोष्ट. बंगळूरचे विठ्ठलराव, रेल्वेतले इंजिनियर, मुलगी सुमित्रेला घेऊन आमच्याकडे कुंभकोणमला, पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेत राहिलेल्या मराठी घरी, स्थळ बघायला आले. तिथून ते रामेश्वरच्या यात्रेला निघाले. गाडीत चढता चढता त्यांनी वेताची एक पेटी माझ्या हातात दिली. "आमच्या साहेबानं जाताना दिलेला कुत्रा आहे. ड्यूक. याला सांभाळा, परत येताना उत्तर सांगतो."

उत्तर म्हणजे होकार की नकार. सुमित्रा मला फार आवडली होती. ड्यूकला नुसतं सांभाळायचं कसलं, मी त्याला देव्हाऱ्यात बसवायला तयार होतो.

घरी येऊन पेटी उघडली आणि कुत्रा बाहेर काढला. डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओघळलेल्या, आतलं लाल दिसतंय. कान जमिनीवर लोळतायत. अंगावरचं कातडं दुसऱ्याचं घातल्यासारखं सैल. आणि पुढचे पाय? वीतभर लांब आणि तेही वाकडे.

आई म्हणाली, "अय्यो पापम्, बिचारें! याचें अंग अस्क, सगळेंच, गळालें की रे. खायास घाल. पायांस तेल लाव."

स्टेशनपासून घरापर्यंतच्या वाटेत याला काहीतरी झालं, अशी माझी खात्रीच पटली. विठ्ठलराव काय म्हणतील? एक कुत्रा नीट आणता आला नाही, याच्या हाती मुलगी काय द्यायची?

मग सुरू झाले उपचार. कातडं भरावं म्हणून तिन्ही त्रिकाळ तूप घालून दहीभात. पाय सरळ व्हावेत म्हणून बांबूच्या कांबी लावून केळीच्या सोपटानं बांधले. आणि दर शनिवारी आमच्या घरातल्या पुरुषांबरोबर त्यालाही तेलस्नान. तिळाचं कोमट तेल अंगाला, डोक्याला आणि आमच्या पद्धतीप्रमाणे कानातसुद्धा. वर शिकेकाई. ती डोळ्यांत जायची, डोळे आणखी लाल व्हायचे आणि मी आणखी तूप वाढायचो.

यात्रा लांबली तसा ड्यूक रुंदावला. त्याला उठवायला दोघे लागायला लागले. घरात कसलातरी कुबट वास सुटला. आई म्हणाली, मोरी तुंबली असेल.

अशाच एका शनिवारी न कळवता विठ्ठलराव आणि सुमित्रा दारात उभे. मी मागच्या अंगणात, एवढासा पंचा मांडीपर्यंत खोचलेला, डोक्यापासून पायापर्यंत तेलानं निथळतोय. शेजारी तसाच निथळणारा ड्यूक, पायांना कांबी.

"हे काय चाललंय?"

"आजारी पडला हो. पाय वाकडे झाले. मी खूप केलं, पण..." माझा आवाज रडवेला झाला होता.

विठ्ठलराव ड्यूकजवळ वाकले. "अहो, जातच अशी आहे याची. बापाचे पाय असेच, आज्याचेही असेच. डोळेसुद्धा. याचे कान आणि पाठ तेवढी जपायची. कानात वारा जात नाही, ओल राहिली की नासतात. वजन वाढलं की पाठ जाते." त्यांनी ड्यूकचा कान उचलला आणि झटकन तोंड फिरवलं. मोरी तुंबलेली नव्हती.

म्हणजे जे बिघडलंच नव्हतं ते मी दुरुस्त करत होतो, आणि जे धड होतं ते बिघडवलं होतं. आता नकार नक्की. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाहुण्यांचा आवाज ऐकून माझे बाबाही पंच्यावरच बाहेर आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. सुमित्रा खाली बसून ड्यूकचा कान रुमालानं पुसत होती. तिनं बाबांच्या पायांकडे पाहिलं. मग माझ्या. आता तुमच्यापासून काय लपवू, आम्हा बापलेकांच्या गुडघ्यांमधून घागर आरामात जाते. धोतरात दिसत नाही इतकंच.

"अप्पा," ती म्हणाली, "यांच्याकडेही पिढीजातच आहे."

मी पंचा खाली ओढू लागलो. तो काही पुरेना.

"मग काय करायचं म्हणतेस?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"पाय असू देत. मला पसंत आहेत. फक्त यांचे कान तेवढे बघून घ्या."

आणि विठ्ठलरावांनी खरोखरच माझा कान धरून आत वाकून पाहिलं हो.