साडीवरचं जॅकेट

चारकोपच्या गाळ्यात मी मशीनवर जॅकेटं शिवते. युक्रेनमध्ये लढाई लागायच्या आधी एक मावशी जुनं जॅकेट घेऊन आली. नाव विचारायला मला लाज वाटली. ती ज्यांची मुलं सांभाळायची, ते तिला तिकडे, युक्रेनला, बर्फाच्या डोंगरावर नेणार होते.

"मॅडम म्हणते, तू खाली बॅगा सांभाळ, तुला कशाला जॅकेट? म्हणून तर आलेय. साडीवरून बसेल असं सैल कर गं."

भर उकाड्यात तिने ते घालून बघितलं, घाम गळत होता, तरी चेन गळ्यापर्यंत ओढली.

महिन्याने ती परत आली, फाटलेली बाही घेऊन. दोन दिवस तिने बॅगा सांभाळल्या. तिसऱ्या दिवशी बॅगा मॅडमच्या मांडीवर ठेवल्या आणि तिकीटवाल्याला बोट वर करून डोंगर दाखवला. तारेवरच्या खुर्चीत बसून ती वर निघाली. मॅडम खालून ओरडत होती, "आत्ताच्या आत्ता उतर."

"चालू खुर्ची कशी थांबणार?" मावशी हसली. "वर तासभर उभी राहिले, एकटी."

"आणि काम?" मी घाबरत विचारलं.

"गेलं. दुसरं धरलं. डोंगर दुसरा कुठून आणला असता?"

ती गेल्यावर मी स्वतः शिवलेलं एक जॅकेट अंगात घातलं. इतक्या वर्षांत कधी घातलं नव्हतं.

"काय गं, बर्फ पडला का?" गाळ्यातला कटिंग मास्तर म्हणाला. सगळे हसले.

मी बोट वर केलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढली.