लिफ्टमधला वजनकाटा आणि युनिट सर

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एकच खोली दिसते. शिंप्याच्या दुकानावरची. खालून शिलाई मशीनची अखंड घरघर. डाव्या विंगेला लोखंडी कपाट, त्याचं दार काळं रंगवून फळा केलेलं. उजवीकडे तीन बाकं, तिन्ही वेगवेगळ्या उंचीची. आणि बरोबर मध्यभागी, छताच्या हुकाला दोरीनं टांगलेला लोखंडी गोळा, येणाऱ्याच्या कपाळाच्या नेमक्या उंचीवर. मी पहिल्यांदा आत पाऊल टाकलं आणि ठण्णकन आदळलो. फळ्याकडे तोंड करून उभा असलेला माणूस मागे न वळता म्हणाला, "आदळलात? आता सांगा, गोळ्याला जास्त धक्का बसला की तुम्हाला?"

"मला!" मी कपाळ चोळत म्हणालो.

"चूक. दोघांना सारखाच. तुम्ही नुसते ओरडलात, तो ओरडला नाही."

हे युनिट सर. खरं नाव त्यांच्या दारावरच्या पाटीवर होतं, पण ती पाटी कुणी वाचत नसे. बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली, त्यातली शेवटची सहा या खोलीत. कुणी म्हणालं, उत्तर पाच आलं, की त्यांच्या पोटात कळ आल्यासारखा चेहरा व्हायचा. "पाच काय? पाच मैल? पाच म्हशी? पाच शिव्या?" युनिट न लिहिता आकडा लिहिणं म्हणजे त्यांच्या लेखी कपडे न घालता रस्त्यावर येणं. घरीदारी तोच छळ. डॉक्टर म्हणाले, ताप एकशे दोन. हे तापातही उठून विचारणार, एकशे दोन काय? खालचा शिंपी त्यांचं माप घेईनासा झाला होता. "कंबर छत्तीस म्हटलं की अर्धा तास जातो," तो म्हणायचा. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, सांगायच्या, "पहिल्या भेटीत मी यांना म्हणाले, माझं वय तेवीस. पुढचं मी तुम्हाला सांगायला नको."

त्यांच्याकडे जायची वेळ आली ती आमच्या नातीमुळे. तिला सगळे ठमी म्हणतात. ही पोर लहानपणापासून माझ्या नाटकांच्या तालमींना शेवटच्या रांगेत बसायची आणि मध्यंतरात येऊन सांगायची, "नाना, खांबाच्या मागे आवाज पोचत नाहीये." अभिनयाकडे ढुंकून पाहिलं नाही, हिचं सगळं लक्ष स्पीकर कुठे ठेवलेत त्यावर. पुढे तिला ध्वनिमुद्रण शिकायचं होतं, आणि त्या संस्थेची एकच अट होती. बारावीच्या वार्षिक परीक्षेत फिजिक्समध्ये शंभरपैकी साठ. एकोणसाठ चालणार नाहीत. सहामाहीत पोरीला मिळाले एकोणतीस.

"साठाला एकतीस कमी," सर म्हणाले. "आधी पेन काढ."

ठमीनं दप्तरातून पेन काढलं.

"आता ते माझ्याकडे दे."

पेन सरांच्या खिशात गेलं. ते परत मिळेपर्यंत लिहायचं नाही, सूत्र उच्चारायचं नाही. गणित वाचायचं आणि तोंडानं सांगायचं की तिथे काय चाललंय. कोण हललं, कुणी ढकललं, कुणाला कुणी अडवलं.

"सर, दगड वर फेकलाय," ठमी म्हणायची.

"कुणी?"

"दिलं नाहीये."

"मग पुढे काय होतंय?"

"सूत्र लावायचंय."

"अगं, दगडाला सूत्र माहीत आहे का? तो काय करतो ते सांग!"

ठमी घरी येऊन दप्तर आपटायची. "नाना, हे शिकवत नाहीत, चौकशी करतात. पोलीस बरे!" तिच्या बापानं हात टेकले होते. सूनबाई म्हणायची, क्लास बदला. आणि इथे, वाचकहो, मी माझी चूक कबूल करतो, कारण ती फक्त माझ्यासारखा माणूसच करू शकतो.

मला वाटलं, फिजिक्स म्हणजे शेवटी पाठांतरच ना! आणि पाठांतर हा तर आमचा घरचा धंदा. नट समोरच्याच्या सबंध भाषणाकडे कुठे लक्ष देतो? त्याच्या वाक्याचे शेवटचे दोन शब्द कानावर पडले की आपलं वाक्य आपोआप तोंडातून बाहेर येतं. चाळीस वर्षं माझं पोट त्यावर चाललं. मग मी आणि ठमी, सरांच्या नकळत, रोज संध्याकाळी गच्चीवर बसायला लागलो. मी प्रश्नातले दोन शब्द टाकायचे, तिनं उत्तराची अख्खी ओळ म्हणायची. एकूण दोनशे दहा प्रश्न. मी तर तिला कुठे थांबायचं, कुठे जोर द्यायचा तेही बसवून दिलं.

"लिफ्ट वर," मी म्हणायचो.

"काटा जास्त दाखवतो," ठमी म्हणायची.

"लिफ्ट खाली."

"काटा कमी दाखवतो."

काय सुरेख व्हायचं! एकही शब्द इकडचा तिकडे नाही.

सरांनी क्लासात पूर्वपरीक्षा घेतली, तेवढ्यापुरतं दुसरं पेन देऊन. चौतीस.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. युनिट सर हातात उत्तरपत्रिकेची गुंडाळी घेऊन उभे. चपला काढायचंही भान नव्हतं.

"नाना, हे कुणाचं काम आहे?"

"कसलं काम?"

"प्रश्न ऐका. लिफ्ट खाली येते आहे आणि तळमजल्यापाशी थांबण्यासाठी तिचा वेग कमी होतो आहे. आत काट्यावर उभ्या माणसाचं वजन काट्यावर किती दिसेल? आता हिचं उत्तर ऐका. लिफ्ट खाली, काटा कमी. पुढे पानभर बिनचूक गणित. पण दुसऱ्याच प्रश्नाचं! बरं, काल मी तोंडी विचारलं, तर पोरीनं मध्ये एक श्वास घेतला, मान उजवीकडे वळवली आणि मग उत्तर दिलं. फिजिक्समध्ये मान वळवायला कुणी शिकवलं?"

ठमी दाराआड. सूनबाईनं पाणी आणून ठेवलं आणि निमूट आत गेली, त्यावरून प्रसंग ओळखावा.

"मी फक्त मदत..." मी म्हणालो.

"मदत! तुम्ही हिच्याकडून फिजिक्सचं नाटक बसवून घेतलंत. एक पात्र बदललं की ही कोसळते." ते खुर्चीत बसले. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "मला बारावीला फिजिक्समध्ये शहाण्णव होते, नाना. सगळं पाठ. पहिली नोकरी वजनकाट्यांच्या कारखान्यात. साहेबांनी एक काटा हातात दिला, म्हणाले, हा चुकतोय, कुठे ते बघ. मी व्याख्या म्हणायला लागलो. शेजारी माल उचलणारा माणूस होता. त्यानं काटा उलटा केला, एक स्प्रिंग दाबली आणि मला म्हणाला, ही थकलीय. शहाण्णवांचं काय केलं असेल मी त्या दिवशी? उठा. काटा आहे का घरात?"

न्हाणीघरात पाय ठेवून उभं राहायचा एक काटा होता. तो काखेत मारून सर पुढे, मी मागे, ठमी सर्वांत मागे, असे आम्ही चौकातल्या सात मजली कचेरीत गेलो. तिथे जुनी लिफ्ट होती आणि स्टुलावर बसलेला लिफ्टवाला.

"आजोबा, वजन करायचं तर दवाखाना पलीकडे आहे," तो म्हणाला.

"सातवा मजला," सर म्हणाले. "नाना, काट्यावर चढा. ठमे, खाली बस आणि काटा वाच."

"बासष्ट."

"बासष्ट काय?"

"किलो, सर! किलो!" ती ओरडली.

लिफ्ट निघाली. "सदुसष्ट!... परत बासष्ट. बासष्टच. सर, वर चाललोय तरी बासष्ट!" सातव्या मजल्यापाशी लिफ्ट थांबायला लागली तशी ती चमकली. "अठ्ठावन्न?"

"मशीन बिघडलंय," मी म्हणालो.

"तुम्ही हलू नका," सर म्हणाले. "आता खाली."

खाली निघताना अठ्ठावन्न. मध्ये बासष्ट. आणि तळमजल्याशी, थांबता थांबता, सदुसष्ट. ठमी गुडघ्यांवर बसून काट्याकडे बघत राहिली.

"पण आपण खालीच येत होतो ना? खाली म्हणजे कमी."

"कोण म्हणतं?"

"नाना म्हणतात."

"काट्याला नाना माहीत नाहीत."

"परत जाऊया," ठमी म्हणाली.

आम्ही पाच वेळा वरखाली केलं. फायली घेतलेले चार कारकून दारात ताटकळत होते. तिसऱ्या फेरीनंतर त्यातले दोघे जिन्यानं निघून गेले. लिफ्टवाला म्हणाला, "तुमची सहल आटपली की मला सांगा, मी डबा खाऊन येतो." माझ्या पायांना कळा लागल्या होत्या. पाचव्या खेपेला, लिफ्ट तळाशी येऊन थांबली आणि ठमी उभी राहिली. तोंड लाल झालेलं.

"वरखालीचा काही संबंधच नाहीये! वेग बदलतोय तेव्हाच काटा हलतोय. आणि बदल कुठल्या दिशेला, तेवढंच बघायचं. खाली येताना थांबायचं म्हणजे लिफ्टला नानांना वर रेटावं लागतं, म्हणून जास्त. वर जाताना थांबली की उलट. मधे सरळ चाललीय तेव्हा काही नाही!" मग माझ्याकडे वळून, "नाना, तुम्ही मला साफ चुकीचं शिकवलंत!"

मला फार काही वाटलं नाही. भर प्रयोगात प्रेक्षकांनी उठून जाण्यापेक्षा हे बरं.

युनिट सरांनी खिशात हात घातला, त्यात खडूचे तुकडे होते, ते बाजूला सारले, आणि ठमीचं पेन काढून तिच्या हातात दिलं.

इथून पुढे सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर ते नाटक होईल. तीन महिने घर वैतागून गेलं. ठमी प्रत्येक गोष्टीला, का, असं विचारू लागली. पाणी तापताना आवाज का करतं, दार बिजागरीपाशी ढकलायला जड का जातं. तिचा बाप जेवता जेवता उठून जायचा. सूत्रं चुकायची, बेरजा चुकायच्या, एकदा तर तिनं एका माणसाचं वजन बाहत्तर हजार किलो काढलं आणि शेजारी युनिट व्यवस्थित लिहिलं. सर कपाळाला हात लावून म्हणाले, "निदान हा माणूस कपडे घालून तरी आलाय." माझी गच्चीवरची तालीम बंद झाली होती. मी फक्त प्रश्न वाचून दाखवायचो, तेही चेहरा कोरा ठेवून, आणि हे काम मला आयुष्यातल्या कुठल्याही भूमिकेपेक्षा कठीण गेलं.

निकाल लागला त्या सकाळी ठमी मोबाइलच्या पडद्यावरचा आकडा बघून रडायलाच लागली, म्हणून मला वाटलं, गेलं. वाकून पाहिलं. त्रेसष्ट.

मी चौऱ्याहत्तराव्या वर्षी शिंप्याच्या दुकानावरचा जिना पळत चढलो. खोलीत क्लास चालू होता. मी दारातून आत झेप घेतली आणि ठण्णकन गोळ्यावर आदळलो. बाकांवरची मुलं फिदीफिदी हसली. माझ्या मागून ठमी आली, धापा टाकत.

"सर, ठमीला त्रेसष्ट! शंभरपैकी त्रेसष्ट गुण!" मी मुद्दाम युनिटसकट सांगितलं.

सर फळ्याकडेच तोंड करून उभे होते. हातातला खडू थांबला. मान खाली गेली. खडू खाली ठेवून त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं चष्मा पुसला, मग जरा जास्तच वेळ पुसला. मी वाट पाहत होतो. टाळी कुठे पडते हे मला कळतं. इथे पडायला हवी होती.

"लिफ्टचं गणित आलं होतं?" त्यांनी विचारलं.

"आलं होतं, सर," ठमी म्हणाली. "थांबतानाचंच. पूर्ण बरोबर आलं."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, आणि मागे वळून तिच्याकडे पाहिलं.

"मग सदतीस कुठे गेले? बस इथे. पेपर काढ."