चैत्रगौरीची लाल कमळं

आमच्या घरात रंगपेटी नव्हती, हे मी आजही मान ताठ ठेवून सांगते. हल्ली नातवंडांना एक कासव रंगवायचं तर चोवीस रंगांची डबी लागते, आणि तरी कासवाचा रंग काही सापडत नाही. आम्हाला सापडायचा, कारण आमच्याकडे आत्या होती.

वडिलांची ही धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांतच तिचा नवरा विषमज्वराने गेला आणि ती कोकणातून आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत राहायला आली. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती आणि मी नऊ. कागदाचं कुठलं काम तिला येत नव्हतं, असं मला आठवत नाही. वडील ठाण्याच्या कचेरीतून एका बाजूने कोरे राहिलेले कागद आणायचे, लग्नपत्रिका आणि खोक्यांचे पुठ्ठे आम्ही वर्षभर साठवायचो. कणकेची खळ ती स्वतः शिजवायची, त्यात चिमूटभर मोरचूद टाकायची, म्हणून तिच्या चिकटवलेल्या वस्तूंना झुरळं तोंड लावत नसत. रंग सगळे घरातलेच. पिवळा हळदीचा, निळा कपड्यांच्या निळीचा, हिरवा शेवग्याच्या पाल्याचा, काळा तव्याच्या मशीचा. पांढऱ्यासाठी खडू कुटून डिंकाच्या पाण्यात कालवायचा.

फक्त लाल नसायचा. लाल म्हणजे कुंकू नाहीतर अळता, आणि विधवेने त्यांना बोट लावायचं नाही. घरात तिला असं कुणी सांगितलं नव्हतं. तिनेच ते स्वतःला इतकं कडक लावून घेतलं होतं की तिचे पोपटसुद्धा काळ्या चोचीचे असायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "आमच्याकडचे पोपट असेच असतात."

त्या वर्षी आईने या घरातलं चैत्रगौरीचं पहिलं हळदीकुंकू करायचं ठरवलं. चाळीतल्या सगळ्या बायकांना बोलावणं गेलं. आरास आत्याच करणार हे उघड होतं, आणि बायका आल्या की ती मागच्या खोलीत जाऊन बसणार, हेही उघड होतं. मला त्याचा भयंकर राग यायचा. आईलाही येत असावा, पण आई आपला राग भांडी घासताना काढायची.

गौरीपुढे आरशाचं तळं, त्यात कागदाचे हंस आणि काठाने पुठ्ठ्याची पिवळी कमळं, असा बेत होता. सकाळी आत्याने मला कमळांना खडूचा पांढरा हात द्यायला सांगितलं. पाहते तर खडू संपलेले. मी पडले अतिशहाणी. वडिलांच्या पानाच्या डब्यातला चुना घेतला, त्यात पाणी घातलं आणि कमळं पांढरीशुभ्र करून टाकली. कुणाला विचारायची गरजच वाटली नाही.

थोड्या वेळाने आत्याने हळदीच्या पाण्यात कापसाचा बोळा बुडवून पहिल्या कमळावर फिरवला. पाकळी लाल झाली. तिने बोटाने पुसून पाहिलं, तर बोट लाल. दुसरं कमळ घेतलं, तेही लालभडक.

"काय लावलंस गं याला?"

"चुना."

हळद आणि चुना. कुंकू यातूनच होतं, हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच? ती मोरीत जाऊन साबणाने हात धुऊ लागली, तर बोटं आणखीच लाल झाली. तशीच ओल्या हातांनी स्वयंपाकघरात आली. आई आंब्याच्या डाळीसाठी कैरी किसत होती.

"वहिनी, ती कमळं टाकून देऊ या. बायका म्हणतील, कुंकवात हात घालून बसली होती." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईने कैरीची एक फोड तिच्या हातावर ठेवली. "चोळा." आंबट लागताच बोटांवरचा लाल उतरून पिवळा झाला. आत्याने सुस्कारा सोडला आणि तीच फोड घेऊन ती कमळांकडे निघाली. आईने तिचं मनगट धरलं.

"वन्सं, हातांचं तुम्ही ठरवलंत. कमळं गौरीची आहेत. ती लालच राहतील."

"अहो, पण लोक काय म्हणतील?"

"लोकांना मी डाळ वाढणार आहे."

उरलेली कमळं आईने आत्याकडूनच रंगवून घेतली. एवढी सुंदर आरास मी त्यानंतर कुणाकडे पाहिली नाही, आणि हे मी आमच्या घरचं म्हणून सांगत नाहीये. खरं तर म्हणूनच सांगतेय.

संध्याकाळी बायका जमल्या. त्यांत चाळीतल्या सगळ्यात वडील बाई होत्या. त्यांच्यापुढे पुरुषमाणसंही बेताने बोलत. त्या सतरंजीवर बसल्या, तळं पाहिलं, हंस पाहिले.

"आरास कुणी केली?"

"आमच्या वन्संनी," आई म्हणाली.

"ती लाल कमळं पण?"

"ती पण."

बायका माना वळवून कमळांकडे पाहू लागल्या. मी आणि आत्या मधल्या दाराआड उभ्या होतो. चुना माझा होता, चूक माझी होती, तेवढं पुढे होऊन सांगितलं असतं तर आत्या सुटली असती. मी तोंड उघडलं. आत्याने माझा खांदा दाबला आणि मला मागे सारून स्वतः बायकांसमोर जाऊन उभी राहिली.

"मीच केली आहेत," ती म्हणाली. "हळद आणि चुना. कुंकवाच्या करंड्याला मी हात लावलेला नाही, पण रंग तोच आहे. मला आवडला, म्हणून ठेवला. कुणाला शिकायचा असेल तर शिकवेन."

ही माझी आत्या, असं सगळ्या चाळीला ओरडून सांगावंसं वाटलं.

वडील बाईंनी कमळांकडे पाहिलं, मग आत्याकडे. मग लुगड्याचा घोळ आवरून त्या सतरंजीवर थोड्या बाजूला सरकल्या.

"बसून सांग," त्या म्हणाल्या. "उभ्या उभ्या आम्हाला काय कळणार?"

आत्या त्यांच्याशेजारी बसली.